कृष्णाकाठच्या प्रवाशासाठी क्रूझ जहाज

सांगलीला समुद्र नाही. आयर्विन पुलाखालची कृष्णा पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि अरबी समुद्र पाहायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या विश्रामबागेच्या परिसरात लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती किंवा भिशीत साठलेली रक्कम असे काहीतरी निमित्त काढून मुंबईहून गोव्याला अथवा लक्षद्वीपला क्रूझने जाणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. निघण्याआधी ही मंडळी एकमेकांना जे प्रश्न विचारतात, ते मला फार योग्य वाटतात. एवढ्या माणसांच्या आंघोळीला गोडे पाणी कोठून आणतात, शौचालयातील मैला कोठे जातो, बोट लागली तर काय करायचे, मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर डॉक्टर मिळेल का, असे ते प्रश्न असतात. जाहिरातीच्या पत्रकांत पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, व्यायामशाळा, मुलांचे खेळघर आणि रात्रीचे कार्यक्रम यांची छायाचित्रे पुरेशी असतात. या प्रश्नांची उत्तरे मात्र तेथे नसतात. म्हणून हा लेख तलावापेक्षा तलावात पाणी भरणाऱ्या पंपाविषयी अधिक बोलेल.

सुरुवातीला टनाचा घोटाळा दूर करू. साखर कारखान्यांच्या मुलखात 'टन' म्हटले की वजनकाटाच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे अमुक जहाज अडीच लाख टनांचे आहे असे वाचले की तेवढे त्याचे वजन असावे अशी समजूत होते. प्रत्यक्षात प्रवासी जहाजाचा आकार ज्या 'ग्रॉस टनेज'मध्ये सांगतात, ते वजनाचे माप नसून जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे माप आहे. जुन्या काळी युरोपात जहाजात मद्याची किती पिंपे मावतात यावरून कर ठरत असे आणि त्या पिंपाच्या नावावरूनच हा टन आला. या मापाने जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज २,४८,६६३ टनांचे आहे. त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर असून एका केबिनमध्ये दोन माणसे धरली तर त्यात ५,६१० प्रवासी राहतात आणि त्यांच्या सेवेला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. भारतात सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' या नावाने सफरी करणारे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचे, २११ मीटर लांबीचे आणि साधारण ४८,५०० टनांचे, म्हणजे आयकॉनच्या एक पंचमांश आहे. तरीही ते किरकोळ समजू नये, कारण टायटॅनिक ४६,३२८ टनांचे होते.

एवढे उंच जहाज कलंडत कसे नाही, ही शंका उसाची ट्रॉली पाहणाऱ्या कोणालाही येईल. ट्रॉली कलंडते ती वजन वर रचल्यामुळे. जहाजाची रचना नेमकी उलट असते. इंजिने, इंधनाच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या आणि कोठार हे सारे जड सामान तळाशी असते, तर पाहणाऱ्याचे डोळे दिपवणारे वरचे मजले आतून पोकळ आणि तुलनेने हलके असतात. त्यामुळे पाण्याखाली आठ-नऊ मीटर आणि पाण्यावर दहा-पंधरा मजले असे दृश्य दिसत असले, तरी सगळ्या वजनाचा मध्य बराच खाली राहतो. इंधन व पाणी वापरले जाऊन तळ हलका होऊ लागला, की ठरावीक टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन तोल सांभाळतात.

जहाज कलंडत नाही म्हणून ते डोलत नाही असे नव्हे. जहाज दोन प्रकारे हलते. एक हेलकावा डाव्या-उजव्या बाजूंचा, पाळण्यासारखा. दुसरा पुढून मागे, म्हणजे नाक वर आणि शेपटी खाली असा. पहिला हेलकावा कमी करण्यासाठी जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांना 'स्टॅबिलायझर' म्हणतात. जहाज एका बाजूला झुकू लागले की हे पंख आपला कोन बदलतात आणि त्यांच्यावरून वाहणारे पाणीच जहाजाला उलट दिशेने रेटते. पाणी वाहते आहे तोवरच त्यांचा खरा उपयोग होतो; बंदरात जहाज उभे असताना ते बहुधा पोटात मिटून घेतलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या हेलकाव्यावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे केबिन कोठे घ्यायची याचा आधीच विचार करणे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला प्रत्येक खड्डा जसा दुप्पट लागतो आणि मधल्या बाकावरच्याला तेवढा लागत नाही, तसेच जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला हालचाल सर्वांत कमी जाणवते. नेमक्या या खालच्या केबिन पुष्कळदा स्वस्त असतात, ही त्यातली आनंदाची गोष्ट.

या त्रासाला मराठीत 'बोट लागणे' असे नेमके नाव आहे. घाटात गाडी लागते आणि समुद्रावर बोट लागते, दोन्हींचे कारण एकच. कानाच्या आतल्या भागात असलेल्या द्रवामुळे शरीराला आपला तोल आणि आपली हालचाल कळते. बंद केबिनमध्ये बसल्यावर भिंती, पलंग, पंखा सगळे स्थिर आहे असे डोळे सांगतात, आणि त्याच वेळी आपण डोलत आहोत असे कान सांगतो. या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळू लागते. म्हणून अशा वेळी केबिनमध्ये पडून मोबाइल पाहणे हा सर्वांत वाईट उपाय होय. उघड्या डेकवर जाऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहत राहावे, म्हणजे डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि साक्ष जुळते. उपाशी पोटी राहू नये आणि तट्ट जेवूही नये. गोळी घ्यायची असल्यास ती घरच्या डॉक्टरांना विचारून, उलटी सुरू होण्यापूर्वी घ्यावी, कारण नंतर ती पोटात टिकत नाही. साताऱ्याकडच्या आल्याच्या वड्या सोबत असल्या तर अनेकांना त्यांचाही आधार होतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या सफरींचा मुख्य काळ पावसाळा सरल्यानंतरचा असतो, हेही तारखा ठरवताना ध्यानात घ्यावे.

आता पाण्याकडे येऊ. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला या विषयाची गोडी अधिक असते, आणि २००५ व २०१९ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला चहूकडे पाणी असून पिण्याला थेंब नाही, ही अवस्था नव्याने समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. क्रूझ जहाजावर पोहण्याचे तलाव, धुलाई आणि स्वयंपाकघर मिळून हा वापर माणशी साधारण दोनशे लिटरच्या पुढे जातो. बंदरात काही पाणी भरून घेतात, परंतु बरेचसे पाणी जहाज स्वतः, समुद्राच्या पाण्यातून, तयार करते. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत उकळण्याची. समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड केली की मीठ मागे राहते आणि गोडे पाणी मिळते. मात्र एवढे पाणी उकळायला लागणारे इंधन परवडणारे नाही. येथे अभियंत्यांनी जी युक्ती केली आहे ती महाबळेश्वरला डाळ शिजवणाऱ्या कोणालाही कळेल. महाबळेश्वर उंचावर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळू लागते. म्हणूनच उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. दाब आणखी कमी केला तर पाणी आणखी कमी तापमानाला उकळेल. जहाजावरील यंत्रात पंपाने हवा ओढून घेऊन दाब इतका उतरवतात की पाणी ४० ते ६० अंशांच्या दरम्यान उकळते. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी फिरवतात, ते ८०-८५ अंशांपर्यंत तापलेलेच असते. एरवी वाया जाणारी ती उष्णता येथे वापरली जाते, आणि इंजिन थंड होता होता प्रवाशांच्या आंघोळीची सोय होते.

दुसरी पद्धत आपल्या स्वयंपाकघरातल्या 'आरओ'चीच, फक्त अधिक दांडगी. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खारट पाण्याला सूक्ष्म पडद्यातून पलीकडे ढकलायचे तर स्कूटरच्या चाकातील हवेच्या साधारण तीसपट दाब द्यावा लागतो. दोन्ही पद्धतींनी मिळणारे पाणी बेचव असते, म्हणून ते खनिजांच्या थरातून नेतात, त्यात क्लोरीन मिसळतात आणि मगच टाक्यांत सोडतात. बंदराजवळचे पाणी गढूळ आणि तेलकट असते, त्यामुळे पाणी तयार करण्याचे काम किनारा मागे पडल्यावर सुरू होते. केबिनमधल्या नळाचे पाणी पिण्यायोग्यच असते. तरीही पुष्कळ प्रवासी बाटलीबंद पाणी विकत घेतात. जहाज कंपनीलाही त्यात काही गैर वाटत नाही.

पाणी मिळवणे जितके अवघड, तितकेच ते घालवणेही. जहाजावरील शौचालयात आपल्या घरच्यासारखी पाण्याची टाकी नसते. विमानातल्याप्रमाणे तेथे हवेच्या ओढीने काम होते. नळांच्या जाळ्यात सतत निर्वात ठेवलेले असते, बटण दाबले की झडप उघडते आणि जेमतेम एक-सव्वा लिटर पाण्यात सगळे ओढून नेले जाते, तेही उतार नसताना किंवा खालून वर. या पद्धतीचा तोटा असा की साऱ्या शौचालयांचे नळ एकमेकांशी जोडलेले असल्याने कोणी एकाने ओला टिश्यू, डायपर किंवा सॅनिटरी पॅड टाकला, तर आसपासच्या अनेक केबिनची सोय एकदम बंद पडते. भिंतीवर लावलेली ती सूचना वाचून सोडून देण्यासारखी नसते.

ओढून नेलेला मैला तळाशी असलेल्या शुद्धीकरण यंत्रणेत जातो. शहरातल्या मैलाशुद्धीकरण केंद्राप्रमाणेच तेथे जिवाणूंकडून घाण कुजवतात, गाळतात आणि निर्जंतुक करतात. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविषयी 'मारपोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला व १९७८ साली त्यात भर पडली. त्यानुसार बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडेच सोडता येतो आणि प्रक्रिया न केलेला १२ सागरी मैलांपलीकडे, तोही जहाज चालू असताना. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. म्हणजे १२ मैल हे अंतर सांगलीहून मिरजेला जाऊन परत येण्याएवढे झाले. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला कोठेही आणि कधीही परवानगी नाही. बाटल्यांचा चुरा, डब्यांचे गठ्ठे आणि कागद यांची वर्गवारी करून ते बंदरात उतरवतात किंवा भट्टीत जाळतात. मात्र आंघोळीच्या, भांड्यांच्या आणि धुण्याच्या सांडपाण्यावर या करारात बंधन नाही आणि ही मोठी पळवाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात कृष्णेत थेट नाले सोडणाऱ्या आपण मंडळींनी बोटीकडे बोट दाखवताना थोडे जपूनच दाखवावे.

या सर्व व्यवस्थेचा प्राण वीज आहे. आधुनिक क्रूझ जहाजात डिझेल इंजिने सहसा जहाजाला पुढे रेटणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांना थेट जोडलेली नसतात. ती जनित्रे फिरवतात, जनित्रे वीज तयार करतात आणि त्या विजेवर पंखे फिरवणाऱ्या मोटारींपासून वातानुकूलन, लिफ्ट आणि केबिनमधल्या दिव्यापर्यंत सगळे चालते. अनेक जहाजांवर तर या मोटारी जहाजाबाहेर, पाण्याखाली लटकणाऱ्या शेंगेसारख्या कवचात असतात आणि ते कवचच चहूकडे फिरते, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. क्रूझ जहाजावर ही सोय प्रथम १९९८ साली 'एलेशन' या जहाजावर आली. वीज गेली तर काय होते, हे फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात जगाने पाहिले. 'कार्निव्हल ट्रायम्फ' या जहाजाच्या इंजिनकक्षात आग लागली, मुख्य वीज गेली, आणि जवळपास ४,२०० माणसे चार दिवस टगबोटींनी ओढल्या जाणाऱ्या जहाजावर राहिली. आगीत कोणी दगावले नाही, पण निर्वातावर चालणारी शौचालये बंद पडल्याने जे हाल झाले तेच लोकांच्या लक्षात राहिले. आणीबाणीचे जनित्र इंजिनकक्षापासून दूर, वरच्या मजल्यावर असणे आणि ते ३६ तास पुरणे नियमाने बंधनकारक आहे. मात्र ते दिवे, सुकाणू, संपर्कयंत्रणा आणि आग विझवण्याचे पंप यांसाठी असते. सर्वांच्या सुखसोयींसाठी नव्हे.

समुद्रावर पाण्यापेक्षा भीती आगीची असते. जमिनीवर आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो, येथे रस्ताच नाही. म्हणून जहाज उभ्या पोलादी भिंतींनी साधारण चाळीस-चाळीस मीटरच्या भागांत विभागलेले असते आणि त्या भिंतींतले दरवाजे एका बटणाने बंद होतात. हेच कारण सामान तपासताना इस्त्री, विजेची किटली आणि मेणबत्त्या काढून घेण्यामागे असते. आपल्या मंडळींना याचा अनुभव अगरबत्तीच्या वेळी येतो. रोजची पूजा चुकवायची नाही म्हणून केबिनमध्ये उदबत्ती लावली, की धुराचा इशारा थेट वर नियंत्रणकक्षात जातो आणि देवाआधी सुरक्षारक्षक प्रकट होतो. निरांजन घरी ठेवून हात जोडावेत, हे बरे.

स्वयंपाकघरातही याच कारणाने सहसा उघडी ज्योत नसते. शेगड्या, भट्ट्या, कढया सगळे विजेवर किंवा वाफेवर चालते. जहाजावरच्या लोकांच्या बोलीत स्वयंपाकघराला 'गॅली' म्हणतात. तेथे चोवीस तास काम चालू असते, कारण पाव रात्री भाजतात, न्याहारीची तयारी पहाटे होते आणि उशिरा जेवणारे मध्यरात्रीही येतात. संपूर्ण सफरीचे धान्य, भाज्या, दूध, मासे आणि मटण बहुतांशी निघण्याच्या दिवशीच भरतात. हरिपूरला हळदीची पेवे होती, तशी जहाजाची कोठारे तळाशी असतात. मात्र येथे प्रत्येक वस्तूसाठी वेगळे तापमान राखलेली वेगळी खोली असते, आणि आधी आलेला माल आधी वापरायचा हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. चार दिवसांच्या सफरीत कोथिंबीर संपली तर समुद्रात मंडई भरत नाही, म्हणून मागच्या सफरींचा हिशेब पाहूनच खरेदी होते.

प्रवाशासाठी जेवणाचे साधारण दोन प्रकार असतात. एक, हवे ते घेण्याचा बुफे. दुसरा, ठरावीक वेळी टेबलावर बसून वाढून घेण्याचे भोजनगृह. दोन्ही तिकिटात येतात. खास उपाहारगृहे, मद्य आणि बरीचशी शीतपेये यांचे पैसे वेगळे पडतात. भारतातून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, पण ते आधी कळवलेले बरे. बुफेच्या दारात हात धुण्याचा आग्रह धरणारा कर्मचारी उभा असतो, त्याला टाळून पुढे जाऊ नये. बंदिस्त जागेत एकाच चमच्याला हजारो हात लागत असल्याने 'नोरोव्हायरस' नावाच्या विषाणूचा उलट्या-जुलाबाचा आजार जहाजावर झपाट्याने पसरतो, आणि त्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे परिणामकारक नसते. साबण आणि पाणीच लागते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची आरोग्य खाते १९७५ पासून तपासणी करून १०० पैकी गुण देते आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळालेले जहाज नापास ठरते. शाळेत एवढ्या गुणांना आपण पेढे वाटले असते.

केबिनविषयी थोडक्यात. खिडकी नसलेली आतली, गोल खिडकीची, गच्चीची आणि ऐसपैस सूट अशी चढती भाजणी असते आणि जेवण, कार्यक्रम, तलाव सर्वांना सारखेच असते. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याने आतली केबिन घेतली तरी बिघडत नाही, फक्त पहाट झाली हे घड्याळावरून समजते. भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे आकडे लावून कपडे टांगता येतात. केबिनचे कार्डच पाकीट असते. जहाजावर रोख चालत नाही, प्रत्येक खर्च त्यावर चढतो आणि शेवटच्या रात्री हिशेब हातात पडतो. तिकिटाच्या दराखेरीज बंदर शुल्क आणि माणशी रोजची बक्षिसी हे दोन आकडे आधीच विचारून घ्यावेत. मोबाइल विमान-अवस्थेत ठेवावा, कारण किनारा सुटल्यावर तो जहाजाच्या उपग्रहावरील जाळ्याशी जोडला जातो आणि त्याचे दर घरी आल्यावर कळतात. इंटरनेट पूर्वी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून येत असे आणि रखडत असे. आता ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांमुळे ते पुष्कळ जहाजांवर बरे झाले आहे, मात्र फुकट झालेले नाही.

मिरजेला दवाखान्यांची वाण नाही, त्यामुळे आपल्या भागातले ज्येष्ठ वैद्यकीय सोयीबाबत थोडे निर्धास्त असतात. जहाजावर तसे राहून चालत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणे बंधनकारक आहे आणि मोठ्या जहाजांवर क्ष-किरण यंत्र, काही खाटा आणि प्राथमिक अतिदक्षतेची सोयही असते. पण तो दवाखाना रुग्णाला पुढच्या बंदरापर्यंत किंवा हेलिकॉप्टर येईपर्यंत सांभाळण्यासाठी असतो, शस्त्रक्रियेसाठी नव्हे, आणि त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते. औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हातात ठेवावीत, कारण ती बॅग केबिनच्या दारात पोहोचायला संध्याकाळ होते. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांपुढील गरोदर स्त्रियांना आणि सहा महिन्यांखालील बाळांना घेत नाहीत.

सफरीच्या पहिल्या दिवशी प्रवाशांना सर्वांत कंटाळवाणी वाटणारी गोष्ट म्हणजे सुरक्षेची कवायत, 'मस्टर ड्रिल'. सात लहान आणि एक लांब असा भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जायचे, एवढेच त्यात शिकायचे असते. १९१२ साली टायटॅनिक बुडाले आणि १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज लागू असलेला करार १९७४ चा आहे. त्यात ही कवायत प्रवासी चढल्यानंतर चोवीस तासांत घेण्याची मुभा होती. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्या अपघातात ३२ जण दगावले. १ जानेवारी २०१५ पासून निघण्यापूर्वी किंवा निघताच कवायत घेणे सक्तीचे झाले. त्या वीस मिनिटांत बुफेकडे सटकणाऱ्यांना हे सांगून पाहावे.

आता राहिले कर्मचारी. सांगली-साताऱ्याकडची हॉटेल व्यवस्थापन शिकलेली मुले 'बोटीवर' जातात, आणि गावाकडे त्यांच्या पगाराची चर्चा कामापेक्षा जास्त होते. माझा एक भाचा खोल्यांच्या देखभालीच्या विभागात आहे. त्याच्या सांगण्यात जहाज म्हणजे समुद्र नसून एक लांब बोळ असतो. कर्मचाऱ्यांच्या मजल्यावर जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा हा मार्ग, ज्याला अनेक जहाजांवर अमेरिकेतल्या महामार्गावरून 'आय-९५' असे म्हणतात. त्याची दोघांत मिळून एक छोटी, बिनखिडकीची केबिन आहे, जेवणासाठी वेगळी मेस आहे आणि करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, ज्यात साप्ताहिक सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय कामगार कराराने २००६ साली घातलेली मर्यादा अशी, की विश्रांती चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास मिळाली पाहिजे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. बहुतेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा किंवा माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात आणि जहाजावर त्या देशाचा कायदा चालतो, म्हणून कामगारांना हा समान करार महत्त्वाचा वाटतो.

याच करारात आणखी एक तरतूद आहे, जी गावोगावच्या पालकांना माहीत असली पाहिजे. खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, 'सीडीसी' हे नाविक ओळखपुस्तक आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याचा. भारतात भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. आमच्या ओळखीतल्या एका घराने लाखो रुपये एका दलालाच्या हाती दिले, मुलगा मुंबईला गेला आणि तेथे कोणतेही जहाज त्याची वाट पाहत नव्हते. पैसे मागणाऱ्याकडे परवाना क्रमांक मागावा आणि तो महासंचालनालयाच्या यादीत पडताळून पाहावा.

प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही, हेही येथेच सांगतो. एसटीचा वाहक ओळखीच्या माणसासाठी घंटी मारायला दोन मिनिटे उशीर करील, कप्तान करणार नाही, कारण बंदरातला धक्का, वाट दाखवणारा स्थानिक 'पायलट' आणि भरतीची वेळ हे सारे आधी ठरलेले असते. गोव्यात उतरल्यावर निघण्याच्या अर्धा तास आधी परत आलेले असावे. लक्षद्वीपजवळ प्रवाळाचे खडक आणि उथळ पाणी असल्याने मोठे जहाज दूर उभे राहते आणि लहान होड्यांनी ये-जा होते, त्यामुळे तेथे आणखी वेळ हाताशी ठेवावा लागतो. त्या बेटांवर जाण्यासाठी प्रवेशपरवानाही लागतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी मुंबईला बॅलार्ड पियरवर त्या ओळीने मांडलेल्या सापडतात आणि तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जवळच असल्याने आपली मंडळी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेळेपर्यंत मुंबई पाहत हिंडतात. मागे जहाजावर मात्र वर्षातला सर्वांत धावपळीचा दिवस चालू झालेला असतो आणि तो आठवड्यातून एकदा-दोनदा येतो. हजारो चादरी आणि टॉवेल धुलाईला जातात, धक्क्यावरून भाज्यांची खोकी, दुधाचे डबे आणि इंधन आत घेतात, कचरा खाली उतरतो, काही कर्मचाऱ्यांचा करार संपून ते बॅग घेऊन उतरतात आणि काही नवे चढतात. माझ्या भाच्याच्या वाट्याला पंधरा-सोळा खोल्या असतात आणि दुपारी नवे प्रवासी येण्याआधी प्रत्येक खोलीचा पलंग, न्हाणीघर आणि आरसा असा लख्ख करायचा असतो, की तेथे सकाळपर्यंत कोणी राहत होते हे कळू नये. एकदा त्याला उशीखाली भडंगाची अर्धी पुडी सापडली, तिच्यावर सांगलीच्या दुकानाचे नाव होते. वेळ नव्हता, म्हणून त्याने ती खिशात टाकली आणि रात्री मेसमध्ये संपवली.